पॉड रनिंग आहे, पण डेटा पोचतोय का? कलेक्टर टर्मिनलवरून सांभाळायची पद्धत

परभणीत घरून काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते, नेटच्या दोनच काड्या असल्या की डॅशबोर्ड उघडत नाही पण टर्मिनल चालतं. ग्राफानाचं, म्हणजे आलेख दाखवणाऱ्या डॅशबोर्डचं, एक पान उघडायचं म्हणजे वीस-पंचवीस पॅनल, प्रत्येक पॅनल आपली वेगळी क्वेरी मारणार, तेवढ्यात आभाळ येऊन लाईट गेली की राउटर बंद, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते चक्र नुसतं फिरत बसतं. एसएसएचला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून शिरायला, मात्र लई कमी नेट पुरतं. त्यात जंप सर्व्हरवर (क्लस्टरकडं जाताना लागणारा मधला सर्व्हर) टीमक्स, म्हणजे टर्मिनल चालू ठेवणारं टूल, उघडून ठेवलं असलं तर मधेच नेट तुटलं तरी काम जिथं होतं तिथंच सापडतं, टीमक्स अटॅच मारलं की परत चालू. म्हणून माझं म्हणणं असं आहे की क्युबरनेटिस क्लस्टरमधला (सर्व्हरच्या गटातला) ओपनटेलिमेट्री कलेक्टर, म्हणजे ॲपचा डेटा गोळा करून पुढं पाठवणारा प्रोग्रॅम, ज्याच्या हवाली आहे त्याला तो डॅशबोर्ड न बघता, निव्वळ कमांडवरून सांभाळता आलाच पाहिजे.

हे लिहायला बसायचं कारण म्हणजे आमच्या टीममधे नांदेडची एक पोरगी नवीन आलीय आणि तिचा दर दोन दिवसाला फोन असतो, "दादा, पॉड रनिंग दाखवायलंय, मग डेटा कामून येईना?" पॉड म्हणजे क्लस्टरमधे प्रोग्रॅम ज्यात चालतो तो डबा, आणि तिचा हा प्रश्न एकदम बरोबर आहे. कलेक्टर सांभाळायचा म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर शोधत राहायचं.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात. टाईप करताना त्या इंग्रजीत करा, डॅश म्हणलं की एक डॅश, डॅशडॅश म्हणलं की दोन, आणि जिथं नेमस्पेस (क्लस्टरमधला आपला कप्पा) किंवा पॉडचं नाव आहे तिथं आपलं टाका. माझा नेमस्पेस ऑब्झर्व्हेबिलिटी आहे.

आधी हे यंत्र काय करतं ते. २०१९ मधे ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रोजेक्ट एक होऊन ओपनटेलिमेट्री झालं, त्यातला हा कलेक्टर. तुमच्या ॲपमधून ट्रेस (एका रिक्वेस्टचा प्रवास, त्यातला एकेक टप्पा म्हणजे स्पॅन), मेट्रिक्स (मोजलेले आकडे) आणि लॉग (नोंदी) निघतात, ते हा घेतो, साफ करतो आणि पुढं जिथं साठवायचं तिथं पाठवतो. मी समजावताना मोंढ्याचं उदाहरण देतो कारण ते आपल्याकडं सगळ्यांनी बघितलेलं असतं. रिसीव्हर म्हणजे मोंढ्याचं गेट जिथून गाडी आत येते, प्रोसेसर म्हणजे चाळणी आणि काटा, एक्सपोर्टर म्हणजे माल भरून बाहेर जाणारा ट्रक. ओटीएलपी, म्हणजे हा डेटा पाठवायची ओपनटेलिमेट्रीची पद्धत, तिचं गेट जीआरपीसीसाठी ४३१७ पोर्टवर आणि एचटीटीपीसाठी ४३१८ वर असतं. याशिवाय दोन पोर्ट पाठ पाहिजेत, १३१३३ वर हेल्थ चेक आणि ८८८८ वर कलेक्टरचे स्वतःचे आकडे. हा ८८८८ सगळ्यात कामाचा आहे, त्याच्याकडं येतोच.

बहुतेक ठिकाणी कलेक्टर दोन थरात असतो. प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरच्या प्रत्येक मशीनवर, एक एजंट, तो डिमनसेट (दर नोडला एक पॉड) म्हणून चालतो, आणि मधे एक गेटवे, तो डिप्लॉयमेंट (हवे तेवढे पॉड) म्हणून. एजंट म्हणजे गावात जाऊन माल उचलणारी खेडा खरेदी आणि गेटवे म्हणजे मोंढ्यातली आडत. डेटा हरवला की पहिलं हेच ठरवायचं की गावातून निघालाच नाही का मोंढ्यात येऊन अडकला, नाहीतर माणूस तासभर चुकीच्या पॉडचे लॉग वाचत बसतो.

आणि कुठलीही कमांड मारायच्या आधी एक कमांड मारा (क्यूबसीटीएल म्हणजे क्लस्टरशी बोलायचं टूल):

क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट

आपण कुठल्या क्लस्टरमधे उभे आहोत ते ही सांगते. टेस्ट समजून प्रॉडक्शनमधे रीस्टार्ट मारलेली माणसं मी बघितलीत, आणि ती कच्ची माणसं नव्हती, रात्री दोनला डोळे मिटत असताना कुणाकडूनही होतं. मी तर प्रॉम्प्टमधेच कॉन्टेक्स्टचं नाव लावलंय आणि प्रॉडक्शन असलं की लाल दिसतं. एवढं केलं की मग पुढं.

क्यूबसीटीएल गेट डिमनसेट, डिप्लॉयमेंट, पॉड्स, डॅश एन ऑब्झर्व्हेबिलिटी, डॅश ओ वाईड

इथं नुसतं रनिंग बघून पुढं जाऊ नका. तीन गोष्टी बघा. रीस्टार्टचा कॉलम शून्य आहे का. डिमनसेटसमोर डिझायर्ड किती लिहिलंय आणि क्यूबसीटीएल गेट नोड्स मारल्यावर नोड किती दिसतात, कारण एखाद्या नोडवर टेंट (इथं पॉड बसू नये अशी खूण) लावलेला असला आणि एजंटला टॉलरेशन (त्या खुणेतून सूट) दिलेलं नसलं तर त्या नोडवर एजंट बसतच नाही, आणि डिमनसेट मात्र आपलं सगळं पूर्ण आहे असंच दाखवतो कारण तो नोड त्यानं मोजलेलाच नसतो. आणि तिसरं, रेडीच्या खाली एकात एक (१/१) आहे का.

आता खरं काम, आवक-जावक मोजायची. मोंढ्यात किती पोती आली आणि किती गेली याचं रजिस्टर असतं तसं कलेक्टरचं रजिस्टर ८८८८ वर असतं. एका खिडकीत

क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड, डॅश एन ऑब्झर्व्हेबिलिटी, पॉडचं नाव, ८८८८

मारून ठेवा, म्हणजे पॉडचा तो पोर्ट आपल्या मशीनवरून वाचता येतो, आणि दुसऱ्या खिडकीत कर्लनं लोकलहोस्ट ८८८८ स्लॅश मेट्रिक्स आणा, पाईप लावून ग्रेपला ओटेलकोल द्या. लांबलचक यादी येईल, घाबरू नका, त्यातले पाच आकडे पुरतात. रिसीव्हर ॲक्सेप्टेड स्पॅन्स म्हणजे आत आले ते. रिसीव्हर रिफ्यूज्ड म्हणजे गेटवरून परत लावले ते. एक्सपोर्टर सेंट म्हणजे पुढं पोचले ते. एक्सपोर्टर सेंड फेल्ड म्हणजे ट्रक निघाला पण पोचला नाही ते. आणि एक्सपोर्टर क्यू साईज म्हणजे आत्ता गोदामात किती पडून आहे ते. मेट्रिक्स आणि लॉगसाठी असेच वेगळे आकडे असतात, नावात स्पॅन्सच्या जागी मेट्रिक पॉइंट्स किंवा लॉग रेकॉर्ड्स येतं, आणि काही व्हर्जनला नावाच्या मागं टोटल लागलेलं दिसतं, त्यामुळं ग्रेप करताना पूर्ण नाव देऊ नका, अर्धंच द्या.

हे आकडे पॉड चालू झाल्यापासूनचे असतात, म्हणून एकदा बघून काही कळत नाही. एकदा बघा, कागदावर लिहा, तीस सेकंदांनी परत बघा. ॲक्सेप्टेड वाढायलाय आणि सेंट पण वाढायलाय तर हा पॉड ठीक, प्रॉब्लेम पुढं आहे. ॲक्सेप्टेड वाढत नाही तर प्रॉब्लेम कलेक्टरच्या अलीकडं, ॲपमधे नाहीतर मधल्या नेटवर्कमधे. ॲक्सेप्टेड वाढतोय, सेंट थांबलाय आणि क्यू फुगायलीय तर बॅकएंडकडं, म्हणजे डेटा जिथं साठवतो तिकडं, बघा. रिफ्यूज्ड वाढायलाय तर आधी मेमरी बघा. मी नवीन माणसाला हे चार प्रकार तोंडपाठ करायला लावतो, कारण यातला कुठला प्रकार आहे हे दोन मिनिटांत कळलं की पुढचा तास वाचतो. एक लक्षात ठेवा, कॉन्फिगमधे सॅम्पलिंग (थोडेच ट्रेस निवडून ठेवणं) किंवा फिल्टर लावला असेल तर जावक आवकेपेक्षा कमी असणारच, चाळणी लावली की चाळ निघतेच.

आता आमच्याकडं घडलेलं सांगतो, कारण यातून पोर्ट-फॉरवर्डचा एक धोका मला कळला आणि तो सहसा कुणी सांगत नाही. २०२४ मधे कलेक्टरचं ०.१०४.० व्हर्जन आलं, त्यात रिसीव्हरचा डीफॉल्ट पत्ता बदलला. आधी पत्ता कोरा सोडला तर कलेक्टर सगळ्या इंटरफेसवर, म्हणजे ०.०.०.० वर ऐकायचा, या व्हर्जनपासून तो लोकलहोस्टवर ऐकायला लागला. सुरक्षेच्या दृष्टीनं बदल योग्यच आहे. पण आमच्या हातानं लिहिलेल्या कॉन्फिगमधे जीआरपीसी लिहून पुढं काहीच नव्हतं, आणि हेल्थ चेकचा पत्ता मात्र नीट लिहिलेला होता. म्हणजे झालं असं की अपग्रेड केलं, पॉड वर आले, हेल्थ चेक पास, रेडी एकात एक, रीस्टार्ट शून्य, आणि ट्रेस बंद.

मी पहिला संशय ॲपवर घेतला. मग खात्री करावी म्हणून माझ्या लॅपटॉपवरून पोर्ट-फॉरवर्ड ४३१७ लावला आणि एक टेस्ट ट्रेस पाठवला, तो गेला, ॲक्सेप्टेड वाढला. मी ग्रुपवर लिहून टाकलं की कलेक्टर ओके आहे, ॲपवाल्यांनी बघा. ॲपवाले बिचारे दीड तास त्यांच्या कोडमधे शोधत होते. खरी गोष्ट अशी की पोर्ट-फॉरवर्ड पॉडच्या आत शिरून तिथल्या लोकलहोस्टला जोडतं. म्हणजे मी ज्या दारानं आत गेलो ते दार फक्त आतल्यांसाठी होतं, बाहेरून येणाऱ्या ॲपला कनेक्शन रिफ्यूज्डच मिळत होतं. शेवटी लॉगमधे वर जाऊन बघितलं तर स्टार्टिंग जीआरपीसी सर्व्हर या ओळीत एंडपॉइंटसमोर लोकलहोस्ट ४३१७ स्पष्ट लिहिलेलं होतं. चालू झाल्यावरच्या पहिल्या वीस ओळीत ते पडलेलं होतं आणि मी फक्त शेवटच्या ओळी वाचत होतो. ॲपवाल्यांची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, आणि तेव्हापासून कलेक्टर ओके आहे हे वाक्य आतून टेस्ट केल्याशिवाय लिहीत नाही.

तर टेस्ट अशी करा. पोर्ट-फॉरवर्ड ८८८८ चे आकडे वाचायला चांगलं आहे, पण रस्ता चालू आहे का हे बघायला क्लस्टरच्या आतूनच, दुसऱ्या पॉडमधून पाठवा. त्यासाठी टेलिमेट्रीजेन नावाचं छोटं टूल आहे, कलेक्टर कॉन्ट्रिबच्याच (जादा भाग असलेल्या कलेक्टरच्या) रिपोतून त्याची इमेज मिळते:

क्यूबसीटीएल रन तपासणी, डॅशडॅश आरएम, डॅश आयटी, डॅशडॅश रीस्टार्ट इक्वल टू नेव्हर, डॅशडॅश इमेज इक्वल टू टेलिमेट्रीजेनची इमेज, मग डॅशडॅश स्पेस, ट्रेसेस, डॅशडॅश ओटीएलपी-इनसिक्युअर, डॅशडॅश ओटीएलपी-एंडपॉइंट आणि तुमच्या सर्व्हिसचं नाव कोलन ४३१७, डॅशडॅश ट्रेसेस ५

पॉडच्या नावात तपासणीच्या जागी इंग्रजी छोटी अक्षरं घाला, आणि तुमचं ॲप ज्या नेमस्पेसमधे आहे त्याच नेमस्पेसमधून हे चालवा, कारण नेटवर्क पॉलिसी लावलेली असली तर दुसरीकडून चालवलेली टेस्ट खोटी ठरते. पाच ट्रेस पाठवले की दहा स्पॅन जातात, एका ट्रेसमधे एक आई आणि एक लेकरू. मग गेटवेच्या सगळ्या पॉडचे ॲक्सेप्टेड मिळून दहानं वाढले का ते बघा. एकाच पॉडवर वाढलेले दिसतील, ते बरोबर आहे.

आणि लोकलहोस्टचा संशय आला तर पॉडच्या आत जाऊन बघता येतं, पण साधं एक्झेक मारून शेल मागितला तर मिळणार नाही, कलेक्टरच्या इमेजमधे शेलच नसतो. कलेक्टर बिघडलाय असं समजू नका, इमेज मुद्दामच तशी केलेली असते. अशा वेळी क्यूबसीटीएल डीबग, डॅश आयटी, पॉडचं नाव, डॅशडॅश इमेज बिझीबॉक्स, डॅशडॅश टार्गेट आणि कंटेनरचं नाव. क्युबरनेटिस १.२५ पासून ही सोय पक्की झालीय. आत गेल्यावर नेटस्टॅट डॅश टीएलएन मारा. ४३१७ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर गेट आतून बंद आहे, तीन कोलन किंवा ०.०.०.० किंवा पॉडचा आयपी दिसला तर उघडं. जोडलेला हा कंटेनर पॉड असेपर्यंत त्याला चिकटूनच राहतो, वेगळा काढता येत नाही, तो घालवायचा तर पॉडच बदलावा लागतो.

आता कॉन्फिग बदलायची पद्धत. कलेक्टर बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण मी बघितलंय ते यामलमधली (कॉन्फिग लिहायच्या फाईलमधली) दोन स्पेस, म्हणून इथं घाई नको. फाईल बदलली की आधी आपल्या मशीनवर डॉकरमधे, क्लस्टरमधे जे व्हर्जन आहे त्याच व्हर्जनची इमेज घेऊन, त्याला व्हॅलिडेट आणि पुढं डॅशडॅश कॉन्फिग इक्वल टू फाईलचं नाव द्या. चुकलं असलं तर तिथंच ओरडतो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अननोन टाईप, म्हणजे तुम्ही टेल सॅम्पलिंगसारखं (ट्रेस पूर्ण आल्यावर तो ठेवायचा का ते ठरवणारं) काहीतरी लिहिलंय आणि इमेज कोअरची घेतलीय, ते कॉन्ट्रिबमधे असतं. कुठल्या इमेजमधे काय काय आहे ते बघायला कंपोनंट्स ही सबकमांड आहे, ती पूर्ण यादी देते. मात्र व्हॅलिडेट फक्त लिहिलेलं बरोबर आहे का एवढंच बघतं, तिकडचा बॅकएंड चालू आहे का, टोकन खरं आहे का, हे त्याला कळत नाही, आणि आमचा लोकलहोस्टवाला प्रकार पण व्हॅलिडेटला एकदम बरोबरच वाटला असता.

हेल्मनं, म्हणजे क्लस्टरमधे सॉफ्टवेअर बसवायच्या टूलनं, बसवलं असेल तर आधी हेल्म गेट व्हॅल्यूज, रिलीजचं नाव, डॅश एन ऑब्झर्व्हेबिलिटी मारून आत्ता काय चालू आहे ते फाईलमधे काढून ठेवा. मग हेल्म डिफ प्लगिन टाकलेलं असेल तर हेल्म डिफ अपग्रेड, त्यात लाल-हिरव्या ओळी दिसतात, त्या शांतपणे वाचा. मग हेल्म अपग्रेड आणि डॅश एफ देऊन पूर्ण व्हॅल्यूज फाईल. हे पूर्ण म्हणायचं कारण आहे. एखादीच गोष्ट बदलायचीय म्हणून कुणी अपग्रेडला नुसतं डॅशडॅश सेट लावतं, तेव्हा हेल्म आधीच्या तुमच्या व्हॅल्यूज धरत नाही, चार्टच्या (हेल्मच्या पॅकेजच्या) डीफॉल्टवर जातं आणि वर फक्त तो एक सेट लावतं. म्हणजे मेमरीची लिमिट बदलायला गेलात आणि एक्सपोर्टरचा पत्ताच गेला. फाईल गिटमधे ठेवायची आणि दरवेळी तीच द्यायची, दुसरी सवय लावूच नका.

लगेच क्यूबसीटीएल रोलआउट स्टेटस, डिमनसेट किंवा डिप्लॉयमेंट स्लॅश नाव, मारून पूर्ण होईपर्यंत तिथंच थांबा. अडकलं तर हेल्म हिस्ट्री बघा आणि हेल्म रोलबॅक मारून आधीच्या नंबरवर जा, कारण नंतर शोधा. लोक उलटं करतात, डेटा बंद असताना कारण शोधत बसतात, आणि तेवढ्या वेळाचा डेटा कायमचा जातो.

हेल्म न वापरता कॉन्फिगमॅप (क्लस्टरमधे कॉन्फिग ठेवायची जागा) हातानं एडिट केला तर एक लक्षात घ्या, कॉन्फिगमॅप बदलला म्हणून कलेक्टर आपोआप नवीन कॉन्फिग घेत नाही. फाईल पॉडमधे थोड्या वेळानं बदलते पण चालू प्रोसेस जुन्यावरच चालते. क्यूबसीटीएल रोलआउट रीस्टार्ट मारावंच लागतं. हेल्म चार्टमधे कॉन्फिगचा चेकसम पॉडला लावलेला असतो म्हणून तिथं पॉड आपोआप बदलतात. आणि कॉन्फिगमॅपचं आउटपुट ग्रुपवर टाकायच्या आधी त्यात टोकन लिहिलेलं नाही ना ते बघा, असेल तर ते सीक्रेटमधे हलवा, आजच.

मेमरीचं दुखणं वेगळं आणि ते सगळ्यांना होतं. पॉड सारखा मरायला लागला की क्यूबसीटीएल डिस्क्राईब पॉड मारा आणि लास्ट स्टेटच्या खाली वाचा. ओओएमकिल्ड आणि एक्झिट कोड १३७ असेल तर कर्नलनं मारलंय, १२८ अधिक ९, नऊ म्हणजे किल सिग्नल. क्यूबसीटीएल लॉग्ज डॅशडॅश प्रीव्हियस मारलं की मेलेल्या कंटेनरचे लॉग येतात, नुसतं लॉग्ज मारलं तर नवीनचे येतात आणि त्यात काहीच नसतं. क्यूबसीटीएल टॉप पॉडनं चालू मेमरी दिसते, पण त्याला मेट्रिक्स सर्व्हर बसवलेला लागतो.

यावर उपाय म्हणून लगेच लिमिट डबल करू नका. आधी बघा मेमरी लिमिटर प्रोसेसर लावलाय का आणि पाईपलाईनमधे तो पहिला आहे का. दिवाळीच्या आधी सोयाबीनची आवक सुरू झाली की मोंढ्यात जागा राहत नाही, मग बाजार समिती कळवते की दोन दिवस माल आणू नका. मेमरी लिमिटर तेच करतो, मेमरी ठरलेल्या टक्क्याच्या वर गेली की गेटवरच नाही म्हणतो, आणि पाठवणारा थोड्या वेळानं परत पाठवतो. लॉगमधे डेटा रिफ्यूज्ड ड्यू टू हाय मेमरी यूसेज असं येतं. पण हा लिमिटर चाळणीच्या नंतर लावला तर उपयोग काय, माल तर आत येऊन पडला. म्हणून तो पहिलाच पाहिजे. कंटेनरला लिमिट दिलेली पाहिजे, लिमिटर टक्क्यात ८० च्या आसपास ठेवा, आणि गोमेमलिमिट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पण कंटेनर लिमिटच्या ८० टक्क्यांवर असू द्या, म्हणजे गो भाषेचा कचरा उचलणारा वेळेवर जागा होतो. एवढं करून रिफ्यूज्ड वाढतच राहिला तर मग खरंच माल जास्त आहे, तेव्हा मेमरी वाढवा किंवा पॉड वाढवा.

बॅकएंड बंद पडला तर काय होतं हे माहिती असावं, कारण तेव्हा तुमच्या हातात घड्याळ असतं. एक्सपोर्टरची रांग डीफॉल्टला १००० रिक्वेस्टची असते, स्पॅनची नाही, एका रिक्वेस्टमधे हजारो स्पॅन असू शकतात. पोचलं नाही तर तो आधी ५ सेकंदांनी परत प्रयत्न करतो, मग अंतर वाढवत ३० सेकंदांपर्यंत नेतो, आणि एका मालासाठी एकूण ३०० सेकंद झाले की तो माल फेकून देतो. म्हणजे पाच मिनिटं. लॉगमधे आधी एक्सपोर्टिंग फेल्ड, विल रिट्राय येत राहतं आणि मग एक्सपोर्टिंग फेल्ड, ड्रॉपिंग डेटा येतं. पहिल्या ओळीला घाबरायचं नाही, दुसरी दिसली की डेटा जायला लागला. बॅकएंडवाले अर्धा तास लागेल म्हणत असतील तर मॅक्स इलॅप्स्ड टाईम वाढवा आणि रांग वाढवा, पण रांग मेमरीतच असते हे विसरू नका, पॉड मेला की रांग गेली. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी फाईल स्टोरेज एक्स्टेन्शन लावून रांग डिस्कवर ठेवावी. मागच्या आठवड्यात नांदेडहून फोन आला, ती एसटीत होती, मागून कंडक्टरचा आवाज येत होता, आणि ती म्हणली, "दादा, आवक चालूय, सेंट दहा मिनिटांपासून तिथंच आहे, क्यू आठशेच्या वर गेली." मी म्हणलं बॅकएंड बघ. ती म्हणली, "तेच बघितलं, बंद पडलाय, थोड्या वेळात चालू होईल म्हणतात, तोवर इलॅप्स्ड टाईम वाढवू का?" मी म्हणलं आत्ता नको, रीस्टार्ट झाला तर रांगेतलं आहे तेही जाईल, बॅकएंड चालू होऊन रांग रिकामी झाली की मग टाक.

लॉगबद्दल आणखी एक. लेबल देऊन, डॅश एल लावून लॉग मागवले तर क्यूबसीटीएल प्रत्येक पॉडच्या शेवटच्या दहाच ओळी देतो, आणि डॅश एफ लावला तर एकावेळी पाचच पॉड धरतो. दहा नोडचा एजंट असेल तर डॅशडॅश टेल आणि डॅशडॅश मॅक्स-लॉग-रिक्वेस्ट्स दोन्ही द्या, आणि डॅशडॅश प्रीफिक्स दिलं की कुठली ओळ कुठल्या पॉडची तेही कळतं.

ट्रेस येतायत पण त्यावर पॉडचं नाव, नेमस्पेस काहीच नाही असं झालं तर केएट्सॲट्रिब्यूट्स प्रोसेसरला (डेटावर पॉडची माहिती लावतो तो) परवानगी नाही असं समजा आणि विचारून खात्री करा: क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय लिस्ट पॉड्स, डॅशडॅश ऑल-नेमस्पेसेस, डॅशडॅश ॲज इक्वल टू सिस्टीम कोलन सर्व्हिसअकाउंट कोलन नेमस्पेस कोलन अकाउंटचं नाव. नो आलं तर क्लस्टर रोल दुरुस्त करा. येस येऊनही नावं नसली तर तो प्रोसेसर गेटवेवर लावलाय का बघा. तो पाठवणाऱ्याच्या आयपीवरून पॉड ओळखतो, आणि गेटवेला पाठवणारा तर एजंट असतो, मग नाव कुणाचं लावणार. माल कुठल्या गावचा हे खेडा खरेदीलाच लिहून घ्यायचं असतं, मोंढ्यात आल्यावर सगळी पोती सारखीच दिसतात.

गेटवेचे पॉड वाढवायचे तर क्यूबसीटीएल स्केल डिप्लॉयमेंट, डॅशडॅश रेप्लिकाज ५. एचपीए (पॉड आपोआप कमी-जास्त करणारा) लावलेला असला तर तो तुमचा आकडा परत बदलणार, मग एचपीएच बदला. वाढवल्यावर नवीन पॉड रिकामे बसलेले दिसतील कारण जीआरपीसी एकदा जोडणी झाली की तीच धरून बसतं, सर्व्हिस ती मधेच वाटत नाही. रिसीव्हरच्या कीपअलाईव्हमधे मॅक्स कनेक्शन एज दिलं की जोडण्या अधूनमधून तुटून नव्यानं वाटल्या जातात. टेल सॅम्पलिंग असेल तर एका ट्रेसचे सगळे स्पॅन एकाच पॉडकडं यावे लागतात, तिथं नुसते पॉड वाढवून भागत नाही, पुढं लोडबॅलन्सिंग एक्सपोर्टरचा एक थर लागतो. आणि क्लस्टरचे मेट्रिक्स किंवा इव्हेंट घेणारा कलेक्टर एकच ठेवा, दोन केले की सगळं दोनदा मोजलं जातं.

शेवटचं डीबग एक्सपोर्टरचं. नेमका काय माल चाललाय हे बघायला तो पाईपलाईनमधे जोडून व्हर्बॉसिटी डीटेल्ड करतात, मग प्रत्येक स्पॅन लॉगमधे पूर्ण छापला जातो. बघायला लई चांगलं आहे, मी पण करतो. पण एजंट त्याच नोडवरच्या सगळ्या पॉडचे लॉग फाईललॉग रिसीव्हरनं वाचत असतो, त्यात कलेक्टरचे स्वतःचे लॉगही आले, म्हणजे त्यानं छापलेलं तोच वाचणार, वाचलेलं परत छापणार, आणि डिस्क भरेपर्यंत ते चालणार. हेल्म चार्टच्या लॉग कलेक्शन प्रीसेटमधे कलेक्टरचे लॉग मुळातच वगळलेले असतात, पण रिसीव्हर हातानं लिहिला असेल तर एक्सक्लूडमधे आपल्या नेमस्पेसमधल्या कलेक्टरच्या पॉडचा पाथ तुम्हालाच घालावा लागतो. बघून झालं की त्याच बसणीत डीबग एक्सपोर्टर काढा, परत अपग्रेड, परत रोलआउट स्टेटस, आणि ८८८८ वरचे आकडे तीस सेकंदांच्या अंतरानं दोनदा वाचूनच टीमक्समधून बाहेर पडा.